मुलाला एडीएचडी आहे हे कशावरून ठरतं? एमआरआय करावा का?

८ वर्षांच्या मुलाबद्दल शाळेतल्या मॅडमना एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अति चंचलता, उतावळेपणा यांच्या विकाराची) शंका आहे, आजींच्या मते तो नुसता वांड आहे, मग एमआरआय करून सोक्षमोक्ष लावावा का, असं तुम्ही विचारलंय.

एमआरआयवर पैसे घालवू नका. एडीएचडी दाखवणारी रक्ताची तपासणी नाही, मेंदूचा फोटोही नाही. निदान होतं ते मूल रोज कसं वागतं यावरून. डॉक्टर मानसिक विकारांच्या निदानासाठी जी पुस्तिका वापरतात, त्या २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये लक्ष न लागण्याची ९ आणि चंचलता-उतावळेपणाची ९ लक्षणं आहेत. मुलात एका यादीतली तरी ६ लक्षणं किमान ६ महिने दिसायला हवीत, काही १२ वर्षांच्या आधीपासून, आणि घर, शाळा अशा एकाहून जास्त ठिकाणी. त्रास फक्त शाळेतच असेल, तर कारण आधी शाळेत शोधावं.

मी इंदूरला शाळेत समुपदेशक आहे. इथल्या मराठी घरांतून एक गोष्ट हमखास सुटते. मूल घरी मराठी बोलतं, खाली खेळताना हिंदी, वर्गात इंग्रजी. सूचना कळलीच नाही तर कुठलंही मूल खिडकीबाहेर बघत बसेल. म्हणून घरी मराठीत सांगून बघा: 'दप्तर जागेवर ठेव, डबा ओट्यावर ठेव, मग हात धू.' डबा हातात धरून तो गॅलरीत कबुतर बघत उभा राहतो का? रोज? तारीख घालून वहीत लिहा. 'फार त्रास देतो' यापेक्षा ही वही डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगते.

डोळे, कान तपासून घ्या, झोप पुरते का बघा. मोबाइलवर तासभर बसतो म्हणजे एडीएचडी नाही, असं मात्र धरू नका; जिथे क्षणाक्षणाला काही नवं मिळतं तिथे या मुलांचंही लक्ष टिकतं. आणि वर्गात गप्प, हरवल्यासारखी बसणारी मुलगी तर कुणाच्या लक्षातच येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

निदान बालमानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांकडे करून घ्या. मॅडमची शंका म्हणजे निदान नव्हे, पण त्यांच्याकडून प्रश्नावली भरून घ्यावी लागते.

आजींना सांगा, हे लाडामुळे होत नाही, संस्कार कमी पडल्यानेही नाही. यात अनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. एडीएचडीचं निदान झालंच, तर ते मुलाला तुम्ही स्वतः सांगा, मोठ्यांच्या बोलण्यातून त्याच्या कानावर पडू देऊ नका. 'तुला सगळं कळतं. दुसरं काही दिसलं की लक्ष तिकडे पळतं, तू मुद्दाम करत नाहीस. आता आम्ही एका वेळी एकच काम सांगू.' आणि मग खरंच एकच सांगा.