नाव गाळू नकोस

प्रिय बेटा,

तुझ्या हम्दची, म्हणजे अल्लाहच्या स्तुतिगीताची, दोन्ही रेकॉर्डिंग ऐकली. पहिल्यात 'अल्लाह' आहे, दुसऱ्यात त्याच जागी 'तू'. 'सगळ्यांना आपलं वाटावं म्हणून बदललं', असं लिहिलंस. आवाजाबद्दल बोलत नाही, तो तुझ्यापाशी आहेच. पण नाव का गाळलंस?

१९८५ साली इंग्लंडमधल्या वोमॅड या संगीत महोत्सवात कव्वाल नुसरत फतेह अली खान गायले. समोरच्या बहुतेकांना त्यांच्या भाषेचा गंध नव्हता. खाँसाहेबांनी 'अल्लाह हू' टाळलं नाही, तेच पुन्हा पुन्हा घोळवलं. ती मैफल ३४ वर्षांनी अल्बम म्हणून निघाली! गायक माहेर झैनने २००९ च्या पहिल्याच अल्बमच्या शीर्षकात 'अल्लाह' ठेवलं. म्हणून कोणी पाठ फिरवली का?

तुझ्या वयात एका निर्मात्याचं ऐकून मीही नाव काढलं होतं. गाणं चाललं. मग एका लग्नात ते कानावर पडलं. नवरा नवरीकडे बघून गात होता, लोक टाळ्या वाजवत होते. माझी हम्द प्रेमगीत झाली होती. त्या पोराचं काय चुकलं? नाव मीच पुसलं होतं. नाव गाळू नकोस.

वाद्यांचं विचारलंस. अशा गाण्यांत वाद्यं चालतात की नाही, हा मतभेद जुना आहे. कोणाला फक्त दफ, म्हणजे हातात धरून वाजवायची डफासारखी चौकट, चालतो, म्हणून कित्येक गायक तेच गाणं नुसत्या आवाजांवरही काढतात. इस्लाम स्वीकारल्यावर पॉप संगीत सोडलेले गायक यूसुफ इस्लाम (आधीचे कॅट स्टीव्हन्स) यांचा नवा पॉप अल्बम २८ वर्षांनी, २००६ मध्ये आला. तुझ्या मनाला पटेल ते कर. मी वाद्यं घेतली, त्यापायी घरच्यांची बोलणी खाल्ली, आणि ते चुकलं असं आजही मला वाटत नाही. जीभ नाव घेत असेल तर तारेनं काय बिघडतं? पण जिभेवर नावच नसेल तर नुसत्या दफानंही काही साधत नाही.

आणि उच्चार! 'रहमान'मधला ह घसा आवळून येतो, 'अल्लाह'च्या शेवटचा ह म्हणजे नुसता श्वास. तुझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये एडिटिंग करताना तो श्वासच कापलाय. कसं चालेल हे? परत लावायला सांग. दुसऱ्या कडव्यात नाव घेताना आवाज किंचित फाटलाय, त्याला मात्र हात लावू देऊ नकोस. दुसरं रेकॉर्डिंग पुसून टाक आणि शुक्रवारपर्यंत पहिलं मला पाठव.