वाचकांचे प्रश्न : चौघांचा संघ, स्कोअर एक

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे : सांघिक गोल्फ. मुंबईत गोल्फची मैदानं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे चौघांचा गट करून खेळणं आलंच आणि कंपन्यांच्या स्पर्धाही बहुधा सांघिकच असतात. हँडिकॅप (खेळाडूला मिळणाऱ्या सवलतीच्या शॉटांचा आकडा), मारण्याचा क्रम आणि कार्ड, गोंधळ याच तीन ठिकाणी होतो.

आमच्या ऑफिसच्या संघात चौघांचे कोर्स हँडिकॅप ८, १४, २० आणि २८ आहेत. टेक्सास स्क्रॅम्बलसाठी संघाचा हँडिकॅप किती? एक जण म्हणतो सरासरी काढा, दुसरा म्हणतो बेरजेच्या दहा टक्के. (चेंबूर)

स्क्रॅम्बल म्हणजे दर वेळी चौघांनी मारायचं, त्यातला सर्वांत चांगला चेंडू निवडायचा आणि पुढचा फटका चौघांनी तिथूनच खेळायचा. सरासरी काढली तर १७.५ येते. एवढे शॉट मिळाले तर समोरचा संघ स्पर्धा सुरू होण्याआधीच भांडायला उठेल, आणि त्याचं चुकणार नाही. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत चौघांच्या स्क्रॅम्बलसाठी शिफारस आहे ती अशी : सर्वांत कमी हँडिकॅपचे २५ टक्के, त्यानंतरच्याचे २०, मग १५ आणि सर्वांत जास्त हँडिकॅपचे १० टक्के. तुमच्या संघाचे अनुक्रमे २, २.८, ३ आणि २.८ होतात. बेरीज १०.६, म्हणजे ११. दोघांच्या स्क्रॅम्बलला कमी हँडिकॅपचे ३५ आणि जास्तचे १५ टक्के घेतात.

बेरजेच्या दहा टक्क्यांचा हिशोब जुना आहे. त्याने तुम्हाला ७ मिळतील. दोन पद्धतींत चार शॉटचा फरक पडतो आणि स्क्रॅम्बलमध्ये बक्षिसं एक-दोन शॉटांवर ठरतात. फोरसमला (दोघांनी एकच चेंडू आळीपाळीने मारायचा) नियमपुस्तकात २२ वा नियम आहे, फोर-बॉलला (दोघांचे आपापले चेंडू, होलला चांगला स्कोअर धरायचा) २३ वा. स्क्रॅम्बलसाठी स्वतंत्र नियम नाही. त्यामुळे आयोजकांच्या अटींच्या कागदावर जे छापलं असेल तेच खरं. कागदावर काहीच नसेल तर पहिल्या टीवर (होलचा पहिला फटका मारायची जागा) जाण्याआधी लेखी मागून घ्या.

आणखी एक : हँडिकॅप इंडेक्स म्हणजे कोर्स हँडिकॅप नव्हे. इंडेक्स खेळाडूचा, कोर्स हँडिकॅप त्या मैदानापुरता. इंडेक्सला मैदानाच्या स्लोप रेटिंगने गुणून ११३ ने भागायचं आणि त्यात कोर्स रेटिंग वजा पार (ठरवून दिलेले फटके) मिळवायचं. दोन्ही रेटिंग म्हणजे मैदान किती अवघड याचे आकडे. समजा इंडेक्स १८, स्लोप १२०, रेटिंग ७०.५ आणि पार ७२ आहे. १९.१ मधून दीड वजा केला की १७.६, म्हणजे १८. महिला खेळाडू पुढच्या टीवरून खेळत असतील तर हा हिशोब त्या टीच्या आकड्यांनी करायचा. मिश्र संघांमध्ये हीच पायरी हमखास राहून जाते.

स्क्रॅम्बलमध्ये आधी कोणी मारायचं? आमच्याकडे लांब मारणारा नेहमी पहिला उभा राहतो. (ठाणे)

त्याला शेवटी ठेवा. पहिला हवा तो सरळ मारणारा, भले त्याचा चेंडू दीडशे यार्डच जावो. एक चेंडू फेअरवेवर (बारीक कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) पडला की बाकीच्यांना मोकळं रान मिळतं. लांब मारणाऱ्याने पहिला फटका झाडीत घातला, तर उरलेले तिघे घाबरून हात आखडते घेतात आणि त्याच्या लांबीचा उपयोग होणार तरी केव्हा? सुरक्षित चेंडू खाली असताना त्याने डॉगलेगचा (मध्येच वळणाऱ्या होलचा) कोपरा कापायला जावं. गेला तर नफा, नाही तर नुकसान शून्य.

ग्रीनवर पहिला पट (चेंडू होलकडे घरंगळवण्याचा फटका) अशाने मारावा ज्याचा वेग हमखास बरोबर असतो. त्याचा चेंडू होलपर्यंत पोचलाच पाहिजे, नाहीतर मागच्यांना शेवटच्या दोन फुटांत चेंडू किती वळतो ते कळतच नाही. उत्तम पटर शेवटी ठेवायचा की तिसरा, यावर मतभेद आहेत. आमचा कौल तिसऱ्याला, कारण शेवटच्या पटवर सगळ्यांच्या नजरांचं ओझं असतं आणि ते प्रत्येकाला पेलतंच असं नाही.

आकडेही पाहा. आठ फुटांवरून प्रत्येकाची संधी तीनात एक धरली, तर चौघेही चुकण्याची शक्यता ८१ पैकी १६. म्हणजे पाचातले चार पट पडतात. त्यामुळे दुसरा फटका निवडताना ‘होलजवळ कोणता’ एवढंच पाहू नका. उतारावरून आडवा वळणारा आठ फुटांचा पट आणि चढावर सरळ जाणारा बारा फुटांचा पट यांत बारा फुटांचा घ्यावा. रफमधल्या (लांब गवतातल्या) ६० यार्डांपेक्षा फेअरवेवरचे ९० यार्ड बरे, कारण तिथून पूर्ण वेज मारता येतो.

प्रत्येकाचे किमान तीन ड्राइव्ह वापरण्याची अट होती. शेवटच्या दोन होलवर आमच्या सर्वांत कच्च्या खेळाडूचे दोन्ही ड्राइव्ह घ्यावे लागले आणि सगळं बिघडलं. नियोजन कसं करावं? (पवई)

अठरा होलमध्ये चौघांचे तीन-तीन म्हणजे बारा ड्राइव्ह (टीवरचे फटके) बांधलेले असतात, सहा मोकळे. पण पार-३ (तीन फटक्यांचे) होल या मोजणीत धरत नाहीत अशीही अट काही ठिकाणी असते. मैदानावर चार पार-३ असतील तर उरले चौदा आणि मोकळे फक्त दोन! त्यामुळे ही अट आधी वाचा. अट चार-चार ड्राइव्हची असेल तर सगळे होल धरूनही दोनच मोकळे राहतात.

कच्च्या खेळाडूचा ड्राइव्ह पहिल्या नऊ होलमध्येच उरकून घ्या. तो फेअरवेवर पडला आणि सर्वोत्तम ड्राइव्हपेक्षा तीस-चाळीस यार्ड मागे असला, तरी आखूड पार-४ वर घेऊन टाका. तिथे दुसरा फटका थोड्या जास्त लांब जाणाऱ्या क्लबने मारावा लागेल, एवढंच. पार-५ सुद्धा चांगला, कारण तिसरा फटका तसाही वेजचाच असतो. लांब पार-४ वर मात्र ही चैन परवडत नाही. कार्डाच्या कडेला चौघांची आद्याक्षरं लिहून प्रत्येक होलनंतर खूण करा. तोंडी हिशोब बाराव्या होलपर्यंत विसरला जातो.

पहिल्याचा पट सहा इंचांवर थांबला. त्याने सवयीने चेंडू आत ढकलला. बाकी तिघांचे पट राहिले होते. आता? (कुलाबा)

बहुतेक स्पर्धांच्या अटींनुसार चेंडू होलमध्ये गेला की संघाचा तो होल संपला, त्याच्या फटक्यासह. उरलेल्या तिघांची बर्डीची (पारपेक्षा एक फटका कमी) संधी गेली. ही स्क्रॅम्बलमधली सर्वांत महाग सवय आहे. पट चुकला की चेंडूमागे खुणेची चकती ठेवायची, चेंडू उचलायचा आणि बाजूला व्हायचं.

याच्याच जोडीची दुसरी चूक : निवडलेला चेंडू उत्साहाने आधी उचलला जातो. त्याआधी तिथे टी (चेंडू ठेवायची खुंटी) खोचा. बाकीचे त्या खुणेपासून अटीत दिलेल्या अंतरात, बहुधा एका क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता चेंडू ठेवतात. चेंडू रफमध्ये असेल तर रफमध्येच, बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) असेल तर बंकरमध्येच. क्लबची लांबी वापरून फेअरवेवर सरकता येत नाही. ग्रीनवर मात्र क्लबची लांबी चालत नाही, तिथे कार्डाच्या रुंदीएवढं किंवा पटरच्या डोक्याएवढं अंतर देतात.

फोर-बॉल स्टेबलफोर्डमध्ये माझा कोर्स हँडिकॅप १०, जोडीदाराचा २२. कोणत्या होलवर कोणी धोका पत्करावा? (खारघर)

आधी शॉट ठरवू. फोर-बॉल स्टेबलफोर्डला ८५ टक्के. तुमचे ८.५ म्हणजे ९, जोडीदाराचे १८.७ म्हणजे १९. तुम्हाला स्ट्रोक इंडेक्स (होलच्या अवघडपणाचा क्रम) १ ते ९ वर एकेक शॉट. त्यांना सगळ्या होलवर एकेक आणि इंडेक्स १ वर दोन. गुण नेट स्कोअरवर (शॉट वजा करून) : बोगीला (पारपेक्षा एक जास्त) १, पारला २, बर्डीला ३, ईगलला (दोन कमी) ४, डबल बोगी किंवा त्याहून वाईट म्हणजे शून्य. फ्रँक स्टेबलफोर्ड यांच्या या पद्धतीची पहिली रीतसर स्पर्धा १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबवर झाली. एका खराब होलने अख्खी फेरी वाया जाऊ नये, हाच तिचा हेतू.

आता तुमचा प्रश्न. इंडेक्स १० ते १८ वर तुमचा पार आणि त्यांची बोगी सारखीच, दोन्हींना दोन गुण. त्यांनी पार केला तर तीन. म्हणून या होलवर त्यांनी पाण्यापासून लांब राहून बोगी पक्की करावी आणि तुम्ही बर्डीच्या मागे लागावं. इंडेक्स २ ते ९ वर दोघांनाही एकेक शॉट आहे, आणि तुमची बोगी त्यांच्या बोगीपेक्षा जास्त भरवशाची. इथे तुम्ही सांभाळा, त्यांना मारू द्या. फोर-बॉलमध्ये जोडीदारांनी आपापसांत कोणत्या क्रमाने खेळायचं ते जोडीनेच ठरवायचं असतं. पाण्यावरून मारायचा फटका असेल तर सांभाळून खेळणारा आधी, मग दुसरा.

चेंडू उचलण्याबद्दल : जोडीदाराने तीन गुण खिशात घातले आणि तुम्हाला जास्तीत जास्त दोनच मिळणार असतील तर उचला. रविवारी मागे गट ताटकळत असतात. पण त्याचा तीन फुटांचा पट पडायचा असताना उचलू नका, तेवढ्या अंतरावरून पट चुकतात.

जोडीदाराने चेंडू उचलला होता, माझा स्कोअर ४. मार्करने (स्कोअर लिहिणाऱ्याने) ४ त्याच्या रकान्यात लिहिला. जोडीचा स्कोअर तोच, मग बाद का? (मुलुंड)

कारण कार्डावर जोडीचा नव्हे, त्या त्या खेळाडूचा ग्रॉस (शॉट वजा न केलेला) स्कोअर लिहायचा असतो. जोडीदाराने न केलेला ४ त्याच्या नावावर गेला, शिवाय त्याचे शॉट वेगळे, म्हणजे नेटही बदलतो. प्रत्येक होलला एकाचाच स्कोअर असला तरी चालतं, जोडीपैकी एकाची सही पुरते, पण रकाना बरोबर हवा. कार्ड देण्याआधी एकाने आकडे वाचावेत आणि दुसऱ्याने नावं तपासावीत.

चौघांतले सर्वोत्तम दोन स्कोअर धरणाऱ्या स्पर्धेत एकमेकांना सल्ला देता येतो का? आणि हँडिकॅप पूर्ण मिळतो का? (दादर)

अशा स्पर्धेत हँडिकॅपची शिफारस किती स्कोअर सोडून देता येतात त्यावर ठरते. चौघांतला एक स्कोअर धरला तर ७५ टक्के, दोन धरले तर ८५, तीन किंवा चारही धरले तर १००. निवडीला वाव जास्त तेवढे शॉट कमी.

सल्ला मात्र स्पर्धा कोणत्या प्रकारची आहे त्यावर. फोर-बॉलमधले जोडीदार एकमेकांना क्लब सांगू शकतात, पटची रेषा दाखवू शकतात. पण खेळाडूने स्टान्स (फटक्यासाठी पाय रोवून उभं राहणं) घ्यायला सुरुवात केली की जोडीदाराने किंवा कॅडीने मुद्दाम चेंडूमागे रेषेत उभं राहू नये. वैयक्तिक स्कोअरची बेरीज होणाऱ्या सांघिक स्पर्धेत सहकारी हे ‘जोडीदार’ नसतात. तिथे समितीने स्थानिक नियम करून परवानगी दिली नसेल तर सल्ला देणं म्हणजे दोन फटक्यांची पेनल्टी.

मॅच प्लेच्या फोर-बॉलमध्ये समोरच्यांनी माझा पट ‘दिला’. तरी मी तो मारला, जोडीदाराला रेषा कळावी म्हणून. त्यांनी हरकत घेतली. (अंधेरी)

हरकत बरोबर आहे. मॅच प्ले म्हणजे होलागणिक जिंकत जायचं, आणि पट ‘देणं’ म्हणजे तो पडला असं समोरच्यांनी मान्य करणं. दिलेला पट मारून जोडीदाराला मदत होत असेल तर त्या होलवर जोडीदाराचा स्कोअर धरता येत नाही. तुमचा राहतो. पट दिला की चेंडू उचला.

पावसाळ्यात सांघिक स्पर्धा ठेवायची तर कोणता प्रकार? (नेरूळ)

स्क्रॅम्बल. चेंडू चिखलात रुततात, घरंगळत नाहीत, आणि चारांतला एक तरी बऱ्या जागी पडतो. रुतलेल्या चेंडूला बंकर आणि पेनल्टी एरिया (तळं, ओढा असा खूण केलेला भाग) सोडून इतरत्र विनापेनल्टी सुटका असते, साचलेल्या पाण्यातूनही असते. फेअरवेवर चेंडू उचलून पुसून ठेवण्याची मुभा मात्र समितीने आधी जाहीर करावी लागते. वीज चमकू लागली तर समितीची वाट न पाहता खेळ थांबवण्याचा हक्क खेळाडूला आहे. चेंडूची जागा खुणेने नक्की करा आणि झाडाखाली न थांबता क्लबहाऊसकडे निघा.