मासिकाचा अभ्यास करताना आधी जाहिराती मोज

प्रोजेक्टसाठी पाच मासिकं निवडलीस, त्यातली चार बाजूला ठेव. एकच घे, पण त्याचे दोन अंक घे: एक आत्ताचा, एक वीसेक वर्षांपूर्वीचा. जुना अंक वाचनालयात किंवा रद्दीवाल्याकडे मिळेल.

लेख नंतर वाच. वाचक कोण, हे संपादकीयापेक्षा मलपृष्ठ जास्त खरं सांगतं. दिवाळी अंक उघडून बघ: सहकारी बँक, सराफ, मसाले, बिल्डर. ही मंडळी नेमकी कुणासाठी पैसे मोजतायत? मासिक दोनदा विकलं जातं. वाचकाला अंक विकतात आणि जाहिरातदाराला वाचक. एवढं पक्कं बसलं की अर्धी लढाई जिंकलीस.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- खप आणि वाचकसंख्या एकच धरणं. एबीसी (ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स) ही संस्था खपाचे, म्हणजे विकल्या गेलेल्या प्रतींचे आकडे तपासून देते. वाचक किती, हे आयआरएससारखी (इंडियन रीडरशिप सर्व्हे) पाहणी सांगते. वाचनालयातला एकच अंक कितीतरी घरं फिरतो.
- 'वाचक : महिला' एवढंच लिहिणं. किर्लोस्करांनी १९३० मध्ये 'स्त्री' हे मासिक काढलं, तेव्हाही ते सगळ्या बायकांपर्यंत पोचणार नव्हतं; वाचता येणं ही पहिलीच अट होती. वय, शिक्षण, गाव, घरातला पैसा हे सगळं लिही.
- मालक न बघणं. जुन्या मार्चच्या अंकांत 'फॉर्म ४' शोध, मालक-प्रकाशकांची नावं तिथे छापलेली असतात.

माध्यम-अभ्यासक स्टुअर्ट हॉल वगैरेंच्या सिद्धांतांना आत्ता हात लावू नकोस. आधी दोन्ही अंकांतली जाहिरातींची पानं मोज आणि आकडे मला पाठव. पुढचं मग बोलू.