गाडी खाली बसवली, आता जॅक घालायचा कुठून?

प्रश्न : छोट्या स्प्रिंगा घालून गाडी ४० मिमी खाली घेतली आहे. तेव्हापासून ट्रॉली जॅक (चाकांवर सरकणारा जॅक) खाली शिरतच नाही. पुढून बंपर आडवा येतो, बाजूने साइड स्कर्ट, म्हणजे दाराखालची पट्टी. ऑइल आणि ब्रेक पॅड बदलण्याची कामे घरीच करतो. काय करावे?

उत्तर : आधी मोजपट्टी घ्या. साधा ट्रॉली जॅक पूर्ण खाली असतानाही त्याची गाडीला टेकणारी वाटी जमिनीपासून साधारण १३० ते १४० मिमी वर असते. ‘लो प्रोफाइल’ म्हणून मिळणाऱ्या बुटक्या जॅकची वाटी ७५ ते ९० मिमीवर येते. पण तेवढा एकच आकडा पाहून जॅक घेऊ नका. वाटी बुटकी असली, तरी मागचा पंपाचा भाग दीडशे मिमीच्या वर जाऊ शकतो आणि तोच बंपरला अडतो. बंपरच्या कडेपासून पुढच्या क्रॉसमेंबरपर्यंतचे, म्हणजे गाडीखालच्या मजबूत आडव्या पट्टीपर्यंतचे अंतर मोजा. जॅकचा बुटका भाग किमान तेवढा लांब हवा. दांडा वर-खाली करायलाही जागा लागते. आणि जॅक जास्तीत जास्त किती वर जातो, तेही बघा. उचललेली गाडी स्टँडवर टेकवायची असते आणि बरेच स्टँड सर्वांत खालच्या खाचेतही २७० मिमीच्या आसपास उंच असतात. जॅकने गाडी तेवढी उचललीच नाही, तर स्टँड सरकवणार कसा?

जुनाच जॅक वापरायचा असेल, तर अडचण फक्त पहिल्या काही सेंटिमीटरची आहे आणि ती फळ्यांनी सुटते. टायरपेक्षा रुंद, ३५ ते ४० मिमी जाड लाकडी फळ्या घ्या. खालची फळी लांब, वरची आखूड, अशा दोन थरांची पायरी करून स्क्रूने पक्की जोडा. एकाच वेळी दोन्ही पुढच्या चाकांखाली एकेक ठेवा आणि शेजारी कोणाला तरी उभे करून गाडी अगदी हळू चढवा. जवळजवळ ७५ मिमी उंची मिळते. फळीच्या तळाला रबर चिकटवा. जोर देणारे चाक घसरले, की फळी मागे भिरकावली जाते. त्या रेषेत कोणीही उभे राहू नये.

आता उचलणे. जमीन सपाट आणि कडक हवी. उन्हात मऊ झालेल्या डांबरात स्टँडचे पाय रुततात, तिथे खाली १८ मिमीचा प्लायवूड घाला. चाके काढायची असतील तर नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करा. जमिनीवर राहणाऱ्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून पाचर लावा. इथे बरेच जण फसतात. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, म्हणून मागची बाजू उचलली की तो कुचकामी. इंजिन पुढची चाके फिरवते अशा गाडीची पुढची बाजू उचलली, तर गिअर किंवा ऑटोमॅटिकचे ‘पार्क’ही कुचकामी. दोन्ही वेळी खरा भरवसा पाचरीचा.

जॅकचा हात कमानीत वर जातो, त्यामुळे उचलताना जॅक थोडा गाडीखाली सरकलाच पाहिजे. त्याची चाके खडीत किंवा फरशीच्या सांध्यात अडकली, तर वाटीच जागेवरून घसरते. दर काही पंपांनी वाकून वाटीकडे बघा.

प्रश्न : बाजूच्या ठरलेल्या जागी जॅक लावला, की स्टँडला तीच जागा उरत नाही. मग स्टँड कुठे ठेवायचा?

उत्तर : म्हणूनच स्टँडची जागा आधी ठरवायची आणि जॅकची नंतर. दाराखालच्या पत्र्याच्या कडेवर दोन खाचांमधला मजबूत भाग स्टँडसाठी मोकळा ठेवा. जॅक पुढे मधोमध, गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या क्रॉसमेंबरवर लावा. दोन्ही स्टँड कडेखाली सरकवा, वर खाच पाडलेले रबर ठेवा, नाहीतर कड दुमडते. ऑइल पॅन, गिअरबॉक्स, सायलेन्सरचा पाइप, गाडीची फरशी यांना जॅक लावायचा नाही. मागच्या आडव्या बीमच्या मध्यावर लावायला कित्येक कंपन्या मनाई करतात, तेव्हा आधी पुस्तिका वाचा. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीच्या पेटीपासून लांबच राहा.

स्टँडवरचा ‘२ टन’ हा आकडा कधी एकाचा असतो, कधी जोडीचा. लेबल नीट वाचा. गाडी स्टँडवर हळू उतरवून खांद्याने हलवून बघा; हललीच तर तुम्ही बाहेर असताना हलू दे. मगच खाली जा. जॅकही जरा टेकलेलाच राहू द्या आणि काढलेले चाक कडेखाली आडवे सरकवून ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली दोन मिनिटांसाठीही जायचे नाही. आतले एक सील सुटले की गाडी खाली, तेवढेच पुरे आहे.

प्रश्न : काम संपवून गाडी खाली घेतली, तर एक बाजू उंच दिसते आणि खड्ड्यात ‘टण्’ असा आवाज येतो.

उत्तर : उंचीची चिंता लगेच नको. लटकलेली चाके खाली टेकताना खालच्या बाजूने आत झुकलेली असतात आणि टायर आडवे घसरत नाहीत. गाडी दोन-तीन मीटर पुढे-मागे केली, की बसते. आवाज मात्र तपासा. स्प्रिंगा आखूड आणि शॉकअब्सॉर्बर मूळचेच असतील, तर चाक पूर्ण लटकल्यावर स्प्रिंग सैल पडते आणि तिचे टोक बैठकीतल्या खाचेतून फिरते. चाक टेकण्यापूर्वी ते टोक खाचेला लागले आहे का, हे बघायची सवय ठेवा. सस्पेन्शनच्या बुशचे (सांध्यातल्या रबरी नळीचे) बोल्ट चाक लटकत असताना शेवटचे आवळू नका. गाडी चाकांवर, फळ्यांवर उभी करून आवळा, नाहीतर बुशचे रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

प्रश्न : स्टँडऐवजी विटा किंवा सिमेंटचे ठोकळे चालतील का? उतरत्या रॅम्पचे काय?

उत्तर : विटा, ठोकळे अजिबात नाही. एका बिंदूवर भार आला की ते इशारा न देता फुटतात. रॅम्प चालेल, पण चढ मोजून. बंपर जमिनीपासून १२० मिमी वर आणि टायर टेकतो त्या जागेच्या ६०० मिमी पुढे असेल, तर चढ पाचास एकपेक्षा कमी हवा. म्हणजे २०० मिमी उंच रॅम्पची उतरंड मीटरभराहून लांब. तेवढी नसेल, तर वरचीच फळ्यांची पायरी रॅम्पच्या तोंडाशी लावा.