लोमा काढा, विमा मात्र सोडू नका

न्यू जर्सीतल्या सॉमरसेट काउंटीतून एका वाचकांचे पत्र आले आहे. सात वर्षांपूर्वी घेतलेले घर, मागे ओढा. फीमाच्या, म्हणजे अमेरिकेच्या आपत्ती-व्यवस्थापन संस्थेच्या, नकाशात घर ‘एई’ या पुराचा धोका जास्त असलेल्या झोनमध्ये येते, म्हणून बँकेने पूरविमा सक्तीचा केला. वर्षाला १,८४० डॉलर जातात. सर्व्हेअरकडून घराजवळच्या जमिनीची लेव्हल काढून घ्यायची (तो ९०० मागतो), ‘लोमा’ (घर पूरक्षेत्रात मोडत नाही असे सांगणारे फीमाचे पत्र) मिळवून घर पूरक्षेत्राबाहेर न्यायचे, विमा बंद करायचा आणि वाचलेले पैसे मुलीच्या ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या बचतखात्यात) टाकायचे, असा त्यांचा बेत आहे. हाताशी शिल्लक १४,०००. मूळचे सांगलीचे आहेत. ‘२०१९ च्या कृष्णेपुढे हा ओढा म्हणजे काहीच नाही,’ असे लिहितात.

सप्रेम नमस्कार.

लोमासाठी प्रयत्न जरूर करा. विमा बंद करायला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे.

शेजाऱ्यांचा प्रीमियम २०१६ मध्ये लोमानंतर एकदम उतरला, असे तुम्ही लिहिले आहे. तेव्हा ते खरे होते, कारण दर झोनवर ठरत असे. ऑक्टोबर २०२१ पासून नवी दरपद्धत आली. आता तुमचे घर पाण्यापासून किती लांब, किती उंच, बांधायला किती खर्च येईल, यावर दर लागतो. त्यामुळे लोमा आला तरी १,८४० चा आकडा त्या कागदामुळे खाली येणार नाही. जाते ती सक्ती. तीसुद्धा बँकेने मानले तर, कारण लोमा असूनही विमा मागण्याचा हक्क बँकेकडे राहतो. म्हणून सर्व्हेअरला पैसे देण्याआधी बँकेकडून लेखी उत्तर घ्या.

आता तुम्ही पाठवलेले १९९४ चे एलिव्हेशन सर्टिफिकेट. घराला टेकलेली सर्वांत खालची जमीन ४२.६ फूट, नकाशातली पूरपातळी ४१ फूट. तुम्ही वजाबाकी करून दीड फूट वर असल्याचे समाधान मानले आहे. पण जुना कागद १९२९ च्या संदर्भपातळीवर (उंची जिथून मोजतात त्या पातळीवर) आहे आणि नवा नकाशा १९८८ च्या. आपल्या भागात या दोहोंत सुमारे एक फुटाचा फरक पडतो. म्हणजे उरतात जेमतेम सहा-सात इंच. शिवाय फोटोत मागचा डेक घराला जोडलेला दिसतो आणि त्याचे खांब उताराला, ओढ्याच्या अंगाला आहेत. मोजताना तिथली जमीनही धरतात. तिथे सात इंच सहज निघून जातील. सर्व्हेअरला आधी तेवढाच कोपरा बघायला सांगा. तिथेच पातळी खाली निघाली तर पुढचे काम थांबवता येईल. जमीन मूळचीच आहे, भराव घातलेला नाही, याचीही खात्री करा. भराव असेल तर अर्ज वेगळा, फी वेगळी, टाउनची सही लागते आणि बेसमेंटची पातळीही हिशेबात येते. साध्या लोमाला फीमा फी घेत नाही. सगळे कागद पोचल्यावर साधारण ६० दिवसांत निर्णय येतो.

आता पाण्याविषयी. अमेरिकेच्या नकाशातली पूरक्षेत्राची ही रेषा म्हणजे जवळजवळ आपली सांगलीची लाल रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. वर्षाला एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण तीस वर्षांच्या कर्जाच्या काळात तो २६ टक्के होतो. सहा इंच वर असलेल्या घराची शक्यता याहून फार कमी नसते. २०१७ च्या हार्वे वादळात ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत सुमारे दीड लाख घरांत पाणी शिरले. त्यांतली दोन-तृतीयांश घरे या रेषेबाहेरची होती.

१ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाचा पाऊस झाला, त्यानंतरच्या शनिवारी मी तुमच्याच काउंटीतल्या मॅनव्हिलमध्ये होतो. प्रत्येक घरापुढे सोफे, फ्रीज, छातीपर्यंत ओल चढलेल्या भिंतींचे तुकडे. एक बाई लग्नाचे अल्बम पान पान करून हिरवळीवर वाळत घालत होत्या. तो वास अजून माझ्या डोक्यात आहे. म्हणूनच हे इतक्या आग्रहाने लिहितो आहे.

तुमचे बेसमेंट सजवलेले आहे. तिथला कार्पेट, सोफा, टीव्ही सरकारी पूरविम्यात येत नाही. घर तापवणारी भट्टी, वॉटर हीटर, विजेचे पॅनेल येतात. विमा नसेल तर हे सगळेच १४,००० मधून करावे लागेल. शिवाय एकदा सोडलेली पॉलिसी पुन्हा घेतलीत तर नेहमीची ३० दिवसांची वाट पाहावी लागते, आणि नूतनीकरणाच्या वाढीवर असलेली १८ टक्क्यांची मर्यादा जाऊन पहिल्या दिवसापासून पूर्ण दर लागतो.

माझा हिशेब असा. लोमा मिळाला आणि बँक राजी झाली, तर डिडक्टिबल, म्हणजे नुकसानातला स्वतः सोसायचा भाग, वाढवा. १०,००० पर्यंत नेता येते आणि प्रीमियम बऱ्यापैकी उतरतो, पण तुमच्या शिलकीला ते झेपणार नाही. ५,००० वर थांबा. वाचेल तेवढे आधी दीड-दोन वर्षे बचतीत, शिल्लक थोडी वाढली की मग ५२९ मध्ये. मुलगी आठवीत आहे, तेवढा उशीर परवडेल.

घर विकताना लोमाचा खरा उपयोग होईल. मार्च २०२४ पासून न्यू जर्सीत विकणाऱ्याला पुराची माहिती द्यावीच लागते. त्या वेळी लोमाचे पत्र हातात असले तर घेणाऱ्याच्या बँकेशी बोलणे सोपे जाते. एवढ्यासाठीही ९०० डॉलर मला जड वाटत नाहीत.

बँकेचे उत्तर आणि डेकच्या कोपऱ्याची लेव्हल आली की मला कळवा. पॉलिसीचे नूतनीकरण त्याआधी आले, तर ते न चुकता भरा.