व्हॅनमध्ये रॅक हवेत, पण कर्ज काढून?

प्रश्न: मी नागपुरात मानेवाड्यात राहतो, एसी आणि कूलर दुरुस्तीचं काम करतो. दोन वर्षांपूर्वी हप्त्यांवर इको कार्गो व्हॅन घेतली. मागे सगळं सामान पोत्यांत आणि खोक्यांत असतं. ऐन कामाच्या वेळी कपॅसिटरसारखा छोटा सुटा भाग सापडत नाही, मग तो आणायला सीताबर्डीला धावावं लागतं. हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरने 1,40,000 रुपयांचं कोटेशन दिलंय: दोन्ही बाजूंना रॅक 46,000, चॅनेलवरचे ड्रॉवर 32,000, बॅटरीसह इन्व्हर्टर 26,000, आतून प्लायवूड 18,000, छतावर कॅरिअर 18,000. एक फायनान्स कंपनी 16 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी पर्सनल लोन द्यायला तयार आहे. बँकेत 60,000 आहेत. उन्हाळ्याच्या आत काम करून घेऊ का?

उत्तर: भाऊ, रॅक करा. कर्ज मात्र काढू नका, आणि कोटेशनमधलं बरंचसं गाळा.

तुम्ही जमाखर्च मोकळेपणाने लिहून पाठवलात, म्हणून नेमकं बोलता येतंय. मार्चच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत महिन्याला धंद्याचा सगळा खर्च जाऊन 60,000 हाती राहतात, उरलेले आठ महिने 32,000. घरखर्च 28,000 आणि गाडीचा हप्ता 9,200, म्हणजे दरमहा 37,200 लागतातच. पाऊस लागला की दर महिन्याला 5,200 कमी पडतात. आठ महिन्यांचे 41,600 झाले. बँकेतल्या 60,000 ला तुम्ही बचत म्हणता, पण त्यातला मोठा वाटा मंदीचे महिने काढण्यासाठीच ठेवलेला आहे.

1,40,000 च्या कर्जाचा हप्ता साधारण 4,920 पडेल. मंदीतली तूट मग 5,200 वरून दहा हजारांवर जाते. वर्षाचा हिशेब तर आणखी बोलका आहे: सीझनमध्ये उरणाऱ्या 91,200 मधून मंदीची तूट वजा केली की 49,600 राहतात, आणि नव्या कर्जाचे वर्षाचे हप्ते होतात 59,000 च्या वर. जूनमधली पोरांची फी यात धरलेलीच नाही.

कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘जीएसटी अतिरिक्त’ लिहिलंय, ते तुमच्या नजरेतून सुटलेलं दिसतं. 18 टक्क्यांनी ते 25,200 होतात. तीन वर्षांचं व्याज सुमारे 37,000. सगळं मिळून ही व्हॅन सजवायला दोन लाखांच्या वर जातील. फॅब्रिकेटर म्हणाला की ‘जीएसटी परत मिळतो’. तो मिळतो नोंदणी असलेल्याला. तुमची उलाढाल 11 लाखांच्या आसपास आहे, सेवेसाठी नोंदणीची मर्यादा 20 लाख, आणि तुमची नोंदणी नाही. आयकरातही यातून काही वाचणार नाही. तुम्ही अंदाजी नफ्यावर कर भरता, म्हणजे रोख जमेच्या 8 टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेच्या 6 टक्के नफा धरून. घसाऱ्यासकट सगळे खर्च त्यात आधीच धरलेले असतात, रॅकचा खर्च वेगळा दाखवता येत नाही.

आता रॅकमधून मिळणार काय? आठवड्याला दोन फेऱ्या वाया जातात असं तुम्ही लिहिलंत. उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे गेला की बेसा-मनीषनगरहून फोन थांबत नाहीत, तेव्हा वाचलेल्या दोन फेऱ्यांत दोन कामं जास्त बसतील. कामामागे 500 धरले तर 16 आठवड्यांचे 16,000. ऑगस्टनंतर मात्र वाचलेल्या तासाचा पैसा होत नाही, कारण तेव्हा वाट बघणारं गिऱ्हाईकच नसतं. तेव्हा वाचतं फक्त पेट्रोल. 12 किलोमीटरची एक फेरी, वर्षात शंभरएक फेऱ्या, गाडी लिटरला 15 देते, म्हणजे वर्षाचे साडेआठ हजार. एकूण लाभ 24-25 हजारांचा. तेवढ्यासाठी वर्षाला 59,000 चे हप्ते कोण भरेल?

मी असतो तर ड्रायव्हरच्या मागच्या एकाच बाजूचा रॅक घेतला असता, 23,000 चा, आणि पाचएक हजारांचे झाकणाचे प्लास्टिक क्रेट. जीएसटीसह 33,000 होतात. इतवारीच्या लोहा ओळीत स्लॉटेड अँगलचा (भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्यांचा) भाव काढा, कदाचित आणखी खाली येईल. दीड वर्षाच्या आत पैसे वसूल. दुसरी बाजू लांब तांब्याच्या पाइपांसाठी, शिडीसाठी आणि आउटडोअर युनिटसाठी मोकळीच बरी. इन्व्हर्टर कशाला? एसीच्या पाइपांतली हवा काढणारा व्हॅक्यूम पंप तर गिऱ्हाइकाच्या घरच्या प्लगवर चालतो.

हे 33,000 बँकेतून काढले की 27,000 राहतात. मार्चपर्यंतची दोन महिन्यांची तूट दहा हजारांची, ती त्यात निघते. पण सीझन लागल्यावर पहिली भर त्याच खात्यात, किमान 42,000 होईपर्यंत. त्याआधी ड्रॉवरचा विषय काढायचा नाही.

मला रॅकच्या किमतीपेक्षा वेगळीच धास्ती आहे. रिकामा कप्पा दिसला की माणूस तो भरतो. आज पाच कपॅसिटर ठेवणारा उद्या वीस ठेवेल, मग चार मॉडेलचे पीसीबी (एसीतले सर्किट बोर्ड) आणून ठेवेल, त्यातले दोन तसेच पडून राहतील. व्हॅनमध्ये किती रुपयांचा माल ठेवायचा याचा आकडा वहिनींना ठरवू द्या, हिशेब त्याच बघतात ना. त्या आकड्याच्या वर गेलात तर आधी माल खपवा.

तुमचे शेजारी सुतारकाका कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेतून 5 टक्क्यांचं कर्ज घेऊन बसले, तुम्हाला ते मिळणार नाही. त्या योजनेच्या 18 व्यवसायांत सुतार आहे, लोहार आहे, एसी मेकॅनिक किंवा इलेक्ट्रिशियन नाही. पुढे कधी धंद्यासाठी कर्ज लागलंच तर बँकेत जाऊन मुद्रा योजनेची चौकशी करा. 50,000 पर्यंत शिशु गटात, तारण लागत नाही.

रॅक बसवताना बॉडीला वेल्डिंग करू देऊ नका, बोल्टवर बसवा. गाडी विकताना तो काढून पुढच्या गाडीत लावता येईल. गाडीवर अजून कर्ज आहे, त्यामुळे पत्रा कापण्याआधी फायनान्स कंपनीला विचारावंच लागेल. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालतं, तेव्हा छतावरच्या कॅरिअरचं आरटीओत विचारल्याशिवाय नको. रॅकचं वजनही मालाच्या वजनात मोजलं जातं. आरसीवर रिकाम्या गाडीचं आणि एकूण वजन दिलेलं आहे, त्यांची वजाबाकी करून बघा.

एसीत भरायच्या गॅसची सिलिंडरं कायमची रॅकमध्ये ठेवू नका. त्यांच्यावर साधारण 52 अंशांच्या वर तापू देऊ नये अशी सूचना असते, आणि मे महिन्यात उन्हात उभी केलेली बंद व्हॅन तेवढी सहज तापते. दाराजवळ पट्ट्याने उभी बांधा, संध्याकाळी घरी सावलीत, हवेशीर जागी उतरवा.

बिल पक्कं घ्या आणि विमा कंपनीला कळवून रॅक पॉलिसीत जोडून घ्या. गाडीच्या विम्यात आतली हत्यारं मात्र येत नाहीत. तुमचा पंप, गेज आणि ड्रिल मिळून पन्नासेक हजारांचा ऐवज रात्रभर रस्त्यावर उभा असतो, त्यासाठी वेगळ्या पॉलिसीचा दर विचारा. तो महाग वाटला तर एक चांगलं कुलूप आणि रोज रात्री ती पेटी घरात.