नव्या दवाखान्याची घडी बसवताना

डॉक्टर, रामबागेत दवाखाना सुरू करताय, म्हणून अनुभवाचे दोन शब्द लिहितो. इंदूरकरांना ओला-सुका कचरा वेगळा करण्याची सवय आहे. परंतु दवाखान्याचा कचरा २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसारच वेगळा करावा लागतो आणि तो घंटागाडीत कधीही जाता कामा नये. रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सुई काढलेली सिरिंज व हातमोजे लाल पिशवीत, काचेच्या कुप्या निळ्या खोक्यात आणि सुया पांढऱ्या, टोचून भोक न पडणाऱ्या डब्यात टाकाव्यात. सुईला टोपण पुन्हा लावू नका; टोचून होताच, रुग्णाच्या शेजारीच ती कटरमध्ये कापा. माझ्याकडच्या मदतनीस बाईंच्या बोटात एकदा कापसात राहिलेली सुई घुसली होती. त्यांचे तपासणी अहवाल येईपर्यंतचे दिवस मी विसरलेलो नाही. हा कचरा अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त साठवू नये.

खरे तर कचरा कमी करण्याची सुरुवात औषधाच्या चिठ्ठीपासूनच होते. गोळीने भागत असताना केवळ रुग्णाच्या आग्रहाखातर सलाईन लावू नका. नकार देताना मात्र त्याच्यापाशी पाच मिनिटे बसून कारण समजावून सांगा. दम्याच्या ज्या रुग्णाला जमेल त्याला पावडरचा इन्हेलर सुचवा, कारण फवाऱ्याच्या इन्हेलरमधील वायू हवामानाला फार घातक असतो.